दुसरा रकाना

"पोरी, माझ्या देखत नवी किल्ली करून घे, मागाहून अडशील," असं ऑफिसातले पासवर्ड सांभाळणारे कुलूपकाका निवृत्तीच्या दिवशी बजावत होते, तेव्हा तिने "हो हो, बघते" म्हणून विषय उडवून लावला होता. पोटात बाळ लाथा मारत असताना किल्ल्यांची कोणाला पडलीय?

गावाखालून जाणारे सगळे पाण्याचे नळ दाखवणारा तो नकाशा एन्क्रिप्ट केलेला होता. भलत्याच्या हाती लागलाच, तर त्याला नुसती गिचमिड दिसावी. उघडायला पासवर्डचे दोन रकाने, एक तिचा आणि एक काकांचा. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलंच काम. संध्याकाळपर्यंत दुरुस्त नकाशा गेला नाही, तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं. नवरा परगावी नोकरीला. दिवसभर बोलायला एक बाळ, आणि त्याचं एकच उत्तर, "बू."

तिने काकांना फोन लावला.

"फोनवर सांगायचं नाही, असा नियम आहे. तूच लिहिलायस."

"काका, अहो, बाळ आहे सोबत."

"मग त्यालाच घेऊन ये. तू आली नाहीस तरी चालेल."

काकांच्या घरात शिरताच तिची नजर सवयीने टोकदार कोपरे शोधू लागली. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना फडकी गुंडाळलेली होती. गाठी ताज्या दिसत होत्या.

काकांनी चष्मा पुसला, तिच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा बाळाने कळफलकावर पंजा मारला आणि नकाशा तासाभरासाठी बंद पडला.

"बरं झालं, चहा होईल," काका म्हणाले. "बाळ झोपतं कसं? दात आले का? तू जेवतेस ना वेळेवर?"

इतके प्रश्न तिला कित्येक दिवसांत कोणी विचारले नव्हते. उत्तरं देता देता तास गेला. काका बाळाला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा तिने घाबरत ऑफिसला फोन केला.

"काकांचा भाग?" पलीकडची मुलगी हसली. "तो त्यांनी जातानाच रद्द करून घेतला, तुम्ही अडू नये म्हणून. दुसरा रकाना मोकळा सोडा."

तिने मोकळा सोडला. नकाशा उघडला. भराभर दुरुस्त्या करून तिने तो पाठवूनही दिला.

"आठवला बघ," आतून काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडलेला होता. "आता टाकतो बरोबर. तुला घरी जायचं असेल."

तिने लॅपटॉप हळूच मिटला.

"आता कुठलं, काका. परत बंद पडलंय. तासभर तरी बसावं लागणार."

"अरेरे," म्हणत काकांनी आधणात आणखी पाणी ओतलं.

तुमच्याही ऑफिसातून असं कोणी घरी बसलं असेल, तर एकदा जाऊन बघून या. फोनवर भागवू नका. फोनवर ते मजेत असतात.