रंगनाथअण्णाचं इंजिन

आमच्या गल्लीला कोंबड्याची गरज नव्हती. सकाळी रंगनाथअण्णा जीप चालू करायचा. कुत्री उठायची, माझ्या मांडणीवरचे पेले थरथरायचे, समोरचे सर सायकल घेऊन निघायच्या बेतात असायचे ते नाकाला रुमाल लावून परत आत जायचे. बरं, गाडी कुठं जायची नसायची. अण्णा बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. समाधान झालं की म्हणायचा, "बोलती हाय." मग गाडी बंद करून चहाला जायचा.

मी भाजीवाला माणूस. मेथी-कोथिंबीर पिकवली अन् विकली. शाळा चौथीत सोडली, तेव्हा लिहिण्यात इकडंतिकडं झालं तर चालवून घ्या. अण्णा माझा शेजारी. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. विमानाचं इंजिन ऐकलेल्या कानाला बाकी सगळं किरकोळ. लहान गाडीला तो शिलाई मशीन म्हणायचा. सरांनी बॅटरीवरची नवी गाडी घेतली, हौसेनं त्याला आत बसवलं, बटण दाबलं.

"अण्णा, येतोय का आवाज?"

"नाय."

"हीच तर गंमत आहे!"

"कसली गंमत, सर? आमचा मिक्सर बरा. तो निदान ओरडतो तरी."

मिसळ खायला गेला तरी गाडी दिसेल अशाच टेबलावर बसायचा. ते टेबल भरलेलं असलं तर उभा राहायचा. सायखेड्याकडं कांद्यानं भरलेली एक पिकअप चिखलात रुतली होती, तर हा नाशकातून जीप घेऊन गेला आणि एका हिसक्यात ती बाहेर काढली. पिकअपवाला पाया पडायला लागला. अण्णा म्हणाला, "पाया राहू दे. आवाज ऐकला का?"

आता सर धुरावरून बोलायचे ते काही खोटं नव्हतं. माझ्या मळ्यावर पहाटे स्वच्छ धुकं पडायचं, तिथं आज धुराचा पडदा असतो. पाऊस कधी येतो, कधी जातो, काही धरबंद राहिला नाही. मी अण्णाला तोंडावर सांगितलं, "तुझी गाडी धूर ओकते."

"दिसतो मला. मी काय आंधळा हाय? पण पुंजा, जीव लावताना माणूस धूर बघतो व्हय?"

गेल्या वर्षी माझी बायको हिरा गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. येणारा-जाणारा विचारायचा, जेवण जातं का, झोप लागते का. मी म्हणायचो, हो. अण्णानं काही विचारलं नाही. दारात जीप आणून हॉर्न वाजवला.

"चल. डाव्या बाजूला वजन लागतंय. एकटा बसलो की गाडी एका अंगाला झुकते."

"चिखलातली पिकअप वढणारी गाडी तुझ्या वजनानं झुकते?"

"झुकते. बस गुमान."

पेठ रोडचा चढ लागला आणि त्यानं गिअर खाली टाकला. सीट हादरायला लागली, दात वाजायला लागले, बरगड्यासुद्धा. शेजारच्याचं सोडा, स्वतःचं बोलणं ऐकू येईना. तिथं मी पहिल्यांदा रडलो. घरात सोय नव्हती. माझे डोळे भरले की सून घाबरायची, नातवंडं टकामका बघायची. चढावर मी बैलासारखा हंबरडा फोडला. अण्णा समोर बघत होता. त्यानं फक्त अॅक्सिलेटर अजून दाबला. माथ्यावर पोचलो तेव्हा मी उपरण्यानं तोंड पुसलं. तो म्हणाला, "काय चढली बघ!" मी म्हणालो, "चढली."

मग ते रोजचंच झालं. मला वाटायचं, ह्याला गाडीपुढं दुसरं काही ऐकूच येत नाही. बरंच होतं ते.

पुढं पलीकडच्या घरातली सून माहेरून बाळंत होऊन आली. एका सकाळी अण्णानं जीप चालू केली, तशी ती खिडकीत आली. कडेवरचं लेकरू खोकत होतं. तिनं एकदा अण्णाकडं बघितलं अन् खिडकी लावून घेतली. अण्णानं तिथंच गाडी बंद केली. चहा घेतला नाही.

"भांडली असती ना पुंजा, तर अजून दहा वर्षं चालवली असती," तो म्हणाला. "तिनं नुसती खिडकी लावली."

जीप भंगारात द्यायचं ठरलं. द्यायच्या दिवशी हा बादली घेऊन तिला धुवायला बसला.

"अरे, भंगाराची गाडी कोण धुतं?"

"मळक्या अंगानं जायचं का तिनं?"

मी दुसरी बादली भरून आणली.

सगळी गल्ली खूश झाली. सरांनी पेढे वाटले, आता काय सांगायचं! मीच तेवढा घरात बसून राहिलो. गाडीचं मला काय? माझा प्रश्न एवढाच की आता रडायचं कुठं?

अण्णाच्या मुलानं बापाला बॅटरीची गाडी आणून दिली. अण्णा आठवडाभर तिच्याकडं फिरकला नाही. मग एका सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला.

"चल."

"हिला पण वजन लागतं का?"

"बस गुमान."

पेठ रोडला बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. हिरा तिथं गाडी थांबवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही, आणि घरी पोचेपर्यंत द्रोण रिकामा करायची. चढ लागला, पण गाडी निवांत. आवंढा गिळला तरी ऐकू जाईल असली शांतता. मी उपरणं तोंडात कोंबलं, दात आवळले. आलो हीच चूक झाली, असं वाटलं.

आणि शेजारून घुर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं, नव्या गाडीत काहीतरी बिघडलं. बघतो तर अण्णा. सत्तरी ओलांडलेला माणूस, गाल फुगवून, ओठ थरथरवत, तोंडानं इंजिन काढत होता. थुंकी काचेवर उडत होती. जिथं गिअरच नाही तिथं डावा हात घालून त्यानं गिअर खाली टाकला आणि आवाज अजून चढवला. नजर समोर रस्त्यावर. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

मी उपरणं तोंडातून काढलं आणि मोकळा रडलो. श्वास घ्यायला तो मधेच थांबायचा, की लगेच पुन्हा सुरू. माथा येईपर्यंत त्यानं आवाज कमी होऊ दिला नाही.