पदाजी तांडेलांचे डोळ्यांत बुरशी शिरली त्याची हकीकत

दर्याराजा साक्ष. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, कोणे एके बंदरी वर्तमान जाहले ते ऐसे जे, पदाजी तांडेल म्हणोन मासेमारी होडीचे मुख्य होते, ते धुक्यातही खाडीचे मुख नजरेने हेरून होडी आत आणीत. त्यांचे आतडे फुटले आणि इस्पितळी पोट उघडोन शिवले आणि मानेचे शिरेत नळी घातली, मग त्या नळीवाटे बुरशीने रक्तात प्रवेश केला आणि ताप ऐसा चढला की देहभान राहिले नाही. तेथील मुख्य डॉक्टर वसुधाबाई निमकर, त्यांनी कॅस्पोफंजिन नामे भारी औषध शिरेवाटे चालविले. मग ताप उतरला, रक्त तपासता निर्मळ निघाले, आणि पदाजींचे कुटुंब जानूबाई यांणी संतोष पावोन पेढे वाटिले.

इतक्यात पदाजी वसुधाबाईंस बोलिले, "बाय, उजव्या डोल्यापुढं कापूस तरंगतंय."

वसुधाबाईंनी उत्तर केले, "अशक्तपणा आहे, जाईल."

मग जानूबाई वसुधाबाईंकडे गेल्या, "म्याडम, यांना माझा तोंड नीट दिसत नाय. डोल्याचा डॉक्टर बोलवा."

"रक्त साफ आहे, मावशी. घाबरू नका."

मग काही दिवस तैसेच गेले आणि एके सकाळी पदाजींचे मस्तक ठणको लागले, मान ताठली, बोलणे असंबद्ध जाहले. तेव्हां धावाधाव होऊन पाठीचे कण्यातून पाणी काढिले, त्यात बुरशी निघाली, आणि नेत्रवैद्य जुबेदाबाई मुकादम येऊन पाहतात तो उजवे डोळ्यात पांढरे पुंजके दाटलेले आणि डावे डोळ्यातही एक.

जुबेदाबाई म्हणाल्या, "वसुधा, हे औषध रक्तात चांगलं चालतं. पण रक्त आणि डोळा यांच्यामध्ये पडदा असतो, मेंदूच्या पाण्याला तसाच. त्यापलीकडे हे जवळजवळ जातच नाही. तो सांगत होता, तेव्हाच मला बोलवायचं होतंस."

मग औषधे पालटली, अँफोटेरिसिन शिरेवाटे आणि सोबत फ्लुसायटोसिन, जे मेंदूचे पाण्यात आणि डोळ्यात उतरते, आणि जुबेदाबाईंनी दोही डोळ्यांत सुई घालोन औषध थेट आत सोडिले. त्या औषधांनी पदाजींस हीव भरे, दात वाजत, मूत्रपिंडे थकली, आणि जानूबाई त्यांचे पाय धरोन बसत. अखेर मस्तक निवळले, डावा डोळा राहिला, उजवा गेला.

ते वर्तमान सांगावयास वसुधाबाई स्वतः गेल्या आणि हात जोडिले. पदाजी बोलिले, "ताप गेला तवा सगल्यांनी पेढे खाल्ले. मी सांगत व्हतो, तो कोनी आयकला नाय."

पुढे एके डोळ्याने अंतर कळेना म्हणोन होडी भाच्याकडे गेली. वसुधाबाईंनी त्या दिवसापासोन रक्तात बुरशी निघता नेत्रवैद्य बोलाविल्याविना राहू नये ऐसा शिरस्ता घातला. एवंच, जीव वाचला आणि दर्या सुटला. डोळ्यात पोहोचणारे औषध त्याच इस्पितळी कपाटात होते. घडले तैसे लिहिले.