निम्म्या माळरानाचा निसर्ग

टेकडीमागचं माळरान निसर्गाने घडवलं की माणसाने, हे ठरेपर्यंत तिथे एकही मेंढी पाऊल टाकणार नाही, असा आदेश कुरण संरक्षण कार्यालयाने काढला. त्या वेळी तिथे एका मेंढपाळणीचा कळप चरत होता. तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. लोकर कातरते म्हणून कमी, जिभेमुळे जास्त.

तज्ज्ञ समितीने बराच चहा आणि थोडी माती तपासली. निष्कर्ष निघाला : तुटपुंजा पाऊस, उथळ माती, विजेने पेटणारे वणवे आणि कोंब खुडणारी हरणं यांनी इथे झाडांना कधी धड वाढू दिलं नाही. पुढे माणूस आला. त्याने वाळलं गवत पेटवलं, मेंढ्या चारल्या आणि झाडांची उरलीसुरली आशाही संपवली. सबब, निम्मं श्रेय निसर्गाचं, निम्मं माणसाचं.

“मग झालं की!” कात्री कार्यालयात येऊन म्हणाली. “निम्म्यात आम्ही आहोत. सोडा मेंढ्या.”

“बाई, नीट समजून घ्या,” साहेब मायेने म्हणाले. “माणसाचा निम्मा भाग वजा केला, की उरतो तो शुद्ध निसर्ग. आम्हाला तोच जपायचाय.”

“आणि मेंढ्यांनी खायचं काय? तुमचा आदेश?”

साहेबांनी क्षणभर विचार केला. “मूळ प्रत कार्यालयाबाहेर देता येत नाही.”

माळाला कुंपण घातलं गेलं. विकतचा चारा परवडेना, म्हणून कात्रीने निम्मा कळप विकला. कुंपणाच्या आत गवत आधी कमरेएवढं झालं, मग त्यातून काटेरी झुडपं वर आली आणि गवतच दिसेनासं झालं. गवतात घरटी करणारे पक्षी उठून गेले. साहेबांनी या घडामोडींचं स्वागत केलं; निसर्ग स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागला होता. मग वरून विचारणा आली : कुरणच उरलं नसेल, तर कुरण संरक्षण कार्यालय कशाला? त्याच दुपारी साहेबांना झुडपं दिसली.

कापणीची यंत्रं आणली. खडकावर पाती तुटली. नियंत्रित आग लावली. तिने झुडपं सोडून साहेबांचं टेहळणीचं मचाण खाल्लं. अखेर समितीने ‘चतुष्पाद तृणनियंत्रण पथक’ सुचवलं.

“म्हणजे मेंढ्याच ना?” कात्रीने विचारलं.

“मेंढ्या तुमच्याकडे आहेत. पथक आमचं असेल. उरलेला कळप कार्यालयाच्या नावावर करा, उद्यापासून माळ मोकळा. तुम्हालाही देखरेखीला ठेवू.”

“देऊन टाक, सूनबाई,” बरोबर आलेले सासरे म्हणाले. “नाव कुणाचं का असेना, जितराबाच्या पोटात गवत तर पडेल.”

कात्रीला उत्तर सुचलं होतं. तिने ते गिळलं आणि सही केली.

मेंढ्यांनी झुडपांचे कोंब खुडत आणले आणि आता माळावर पुन्हा गवत लाटांसारखं हलतं. फाटकावर तिकीट आहे, तिकिटावर ‘मानवी स्पर्श न झालेला निसर्ग’ असं छापलंय. लोक पाहायला आले, की कात्रीने कळपासकट उताराआड दडायचं, ही नोकरीची अट. परवा एक कोकरू लंगडत होतं, म्हणून तिला उशीर झाला. तिकीट काढून आलेले एक गृहस्थ खेकसले, “अहो बाई, व्हा ना बाजूला! फोटोत येताय!”

ती बाजूला झाली. तो फोटो तुम्हालाही आला असेल. ‘माणूस नसला की जग किती सुंदर असतं!’ असं त्याच्याखाली लिहिलंय. आणि तुम्ही तो पुढे पाठवलायही.