कृष्णकांतांची दुसरी हार्ड डिस्क

"तुझ्या फायलींले धक्का लागणार नाही वं. सारं नवीन मी दुसऱ्या हार्ड डिस्कवर टाकून राहिलो," कृष्णकांतांनी बुधवारी सकाळी बायकोला सांगितलं.

चारुशीलाबाईंच्या नववीच्या वर्गाचा निकाल घरच्याच कॉम्प्युटरवर तयार होता आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत शाळेत पाठवायचा होता. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या कृष्णकांतांनी मात्र विंडोजला पर्याय म्हणून लिनक्सचा असा प्रकार निवडला होता, की ज्यात काहीच तयार मिळत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ कोड आणायचा आणि आपल्याच मशीनवर तो घडवायचा.

"तयार पोळ्या भेटून राहिल्या, तर गहू पेरायले काहून जाता?"

"स्वतःच्या हातची चव वेगळी राहते."

"तुमच्या हातची?" एवढंच म्हणून चारुशीलाबाईंनी दुसऱ्या वर्गाच्या पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी वर सरकू लागल्या. दुपारभर सरकल्या, संध्याकाळीही सरकतच होत्या. गुरुवारी नागपूरचं ऊन पंचेचाळीसला टेकलं आणि तापलेलं मशीन आपसूक बंद पडलं. कृष्णकांतांनी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं. चारुशीलाबाई पदरानं वारा घेत पेपर तपासत राहिल्या.

शुक्रवारी भर दुपारी लाइट गेली. अर्धा झालेला ब्राउझर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. कृष्णकांतांची मान आखडली, डोळे चुरचुरू लागले. ताटही तिथंच येऊ लागलं.

शनिवारी सकाळी नऊला काम संपलं. मशीन नव्या डिस्कवरूनच सुरू होईल अशी व्यवस्था करून त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकू लागली आणि लुकलुकतच राहिली. जुनं विंडोजही कुठं दिसेना.

"झालं?" चारुशीलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं. म्हणजे... सुरू होऊन राहिलं."

"माझा निकाल?"

"आहे ना. आतमध्ये आहे."

"बाहेर कधी येते?"

कृष्णकांत फोनवर उपाय शोधत बसले. एकानं लिहिलं होतं, सगळं पुसून पहिल्यापासून करा. ते वाचून त्यांनी चष्माच काढून ठेवला. साडेदहा वाजले.

"हे नवीन लावायच्या आधी चालत होतं ना?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"होतं."

"मग बंद करा ते अन् डबा उघडा. यातली नवीन डिस्क कोणती?"

त्यांनी बोट दाखवलं. चारुशीलाबाईंनी तिच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि बटण दाबलं. जुनं विंडोज निमूटपणे उघडलं. अकरा वीसला निकाल शाळेत पोचला.

कृष्णकांतांनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. "थकलो वं. आता लिनक्सचं नावही काढत नाही."

चारुशीलाबाईंनी कूलर आपल्याकडे वळवला. घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "काढा ते खाली. सोमवारी परत लावा."

कृष्णकांतांना भरून आलं. "म्हणजे तुले पटलं?"

"तुम्ही घरी बसल्यापासून पहिल्यांदा तीन दिवस मले कोणी वरणात पाणी किती टाकावं ते सांगितलं नाही. मसाल्याचे डबे जागेवर राहिले. भांडेवाल्या बाईले कोणी भांडे घासायले शिकवलं नाही. हे नीट व्हायले किती दिवस लागतात?"

"धड केलं तर आठवडा," कृष्णकांत हळूच म्हणाले.

"घाई नका करू," चारुशीलाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "मले जूनपर्यंत सुट्टी आहे."