सोळा दारांवर मेतोदीकाका

एका शनिवारात मी अख्ख्या गावाची फोटोग्राफर होणार होते. योजना इतकी बिनचूक होती, की ती वहीत लिहून मी खाली दोन रेघाही मारल्या होत्या!

सतरा वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात खिडकीमागे बसून गळक्या नळांच्या तक्रारी ऐकल्या. मार्चमध्ये बाबा, म्हणजे गावाचे ल्युबेन फोटोवाले, गेले आणि चर्चमागचा त्यांचा स्टुडिओ माझ्याकडे आला. उन्हाळा सरताना महिन्याची बिनपगारी रजा काढून मी तिथे जाऊन बसले. आता रजा संपत आली होती. आमच्या साहेब वेलिस्लाव्हाबाईंचा निरोप होता, की सोमवारी नऊला एक तर तू खिडकीत दिसावीस, नाही तर तुझा राजीनामा टेबलावर दिसावा.

मी स्वतःशीच पैज लावली. शनिवारी प्रदर्शन भरवायचं. दहा माणसं आली तर राजीनामा. नऊ आली तर गळके नळ.

बाबांनी चाळीस वर्षं गावाचे फोटो काढले. पासपोर्टचे, लग्नाचे, शाळा संपल्याचे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर लावतात. सहा महिन्यांनी पुन्हा नवा. त्यावरचा फोटो बहुतेक बाबांनीच कधीतरी काढलेला असायचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते म्हणत, "जरा हसा. हाच दारावर लागणार आहे." आणि गिऱ्हाईक खरंच हसायचं!

स्वतःचा धड फोटो मात्र त्यांनी कधी काढून घेतला नाही. त्यांच्या कागदावर लावला तो मीच, बारा वर्षांची असताना, काढलेला. जरासा वाकडा आहे.

असो. माझ्या हातात हुकमाचा एक्का होता: मेतोदीकाका. बाबांचे दोस्त, वय एक्क्याऐंशी. गावच्या बँडमध्ये पन्नास वर्षं ट्रम्पेट वाजवून आता द्राक्षमळ्यातल्या खोपीत राहतात. फोन ठेवत नाहीत. आदल्या रविवारी त्यांनी टोमॅटोच्या वाफ्यातून मान वर केली, नेमकं ढगाआडून ऊन आलं आणि मी बटण दाबलं. सुरकुत्या नांगरलेल्या शेतासारख्या, डोळे कसे, तर चोरून जाम खाल्लेल्या पोरासारखे! हा फोटो पाहून मारुतीच्या शेपटासारखी रांग लागणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

जाहिरात मी साधी ठेवली. फार पुस्तकं वाचली की साधेपणाचं वेड लागतं. काळापांढरा फोटो. भोवती काळी चौकट, कारण चांगल्या फोटोला तीच शोभते. खाली 'मेतोदी किर्चेव्ह'. त्याखाली 'शनिवारी अकरा वाजता, चर्चच्या मागे. सर्वांनी यावे.' आधी 'प्रदर्शन' असा शब्दही होता. तो मला भडक वाटला. काढून टाकला!

शुक्रवारी बाबांना सहा महिने झाले. सकाळी त्यांचे सोळा कागद लावायला निघाले, तसे काकांचेही सोळा बरोबर घेतले. एकाच फेरीत दोन्ही कामं, एकच चिकटपट्टी. बाबांच्या शेजारी काका, असे सोळा ठिकाणी लावले. दोघं शेजारी शोभतही होते. आणि तरीही, वाचकहो, माझ्या डोक्यात काही म्हणता काही पेटलं नाही.

दुपारी केस कापणाऱ्या स्तांकामावशी गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून धावत आल्या. मला पोटाशी धरून म्हणाल्या, "नेव्हेना, एका दिवशी दोघं दोघं. कसं गं सोसतेस?"

मला वाटलं, चिकटवण्याच्या कष्टांबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "त्यात काय मावशी, हौसेनं केलं. तुम्ही उद्या येताय ना?"

"हे काय विचारणं झालं? सगळं गाव येणार."

सगळं गाव! मी मावशींना धरून एक गिरकीच घेतली. त्या डोळे पुसत, मागे वळून वळून बघत गेल्या.

मग बँडमास्तरांचा फोन आला. उद्या आम्ही वाजवायला येतोय, असं ते जड आवाजात म्हणाले. मी म्हटलं, काहीतरी आनंदी वाजवा. मग त्यांनी विचारलं, काकांची तशी इच्छा होती का? मी म्हटलं, त्यांना आता काहीही चालेल.

संध्याकाळी चर्चचे फादर आले. काकांना आणायची काय व्यवस्था केली आहे, असं हळुवारपणे विचारू लागले.

"येतील की आपले आपण चालत. सायकल नको म्हटलंय, या वयात पडायचे."

फादरांनी छातीवर क्रूस काढला आणि माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाले. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

शनिवारी पावणेअकराला मी दार उघडलं आणि आनंदानं गुदमरलेच. दहा म्हणता म्हणता चाळिसाच्या वर माणसं! वेलिस्लाव्हाबाईसुद्धा! मनातल्या मनात मी राजीनाम्याचा पहिला परिच्छेद लिहून टाकला. आणि मग मला फुलं दिसली.

आमच्याकडे जिवंत माणसाला एक, तीन, पाच अशी फुलं देतात. गेलेल्याला दोन, चार, सहा. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी पहिल्या रांगेतली फुलं मोजली. दोन. दोन. चार. दोन. मग काळे कपडे दिसले. मग स्तांकामावशींच्या हातातला उकडलेल्या गव्हांचा वाडगा दिसला. तो आमच्याकडे एकाच कारणासाठी करतात.

तेवढ्यात बँडनं मयताची धून धरली, आणि कोपऱ्यावरून एकुलत्या एक सुटात, द्राक्षांची टोपली घेऊन मेतोदीकाका आले. धून ऐकून त्यांनी अदबीनं टोपी काढली आणि मावशींना हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

मावशींच्या हातून वाडगा सुटला. "तुम्ही," त्या म्हणाल्या.

काकांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग बँडकडे वळून म्हणाले, "माझ्या मयताला तरी सुरात वाजवा रे."

पुढची दहा मिनिटं मी वर्णन करणार नाही. गावातल्या झाडून सगळ्यांनी मला एकेक वाक्य ऐकवलं. वेलिस्लाव्हाबाईंचं सगळ्यात लहान होतं: "आपल्या खिडकीत निदान माणसं तरी मरत नव्हती." मी मान खाली घालून म्हटलं, सोमवारी नऊला येते.

पण आलोच आहोत तर बघू, म्हणून लोक आत शिरले. समोरच्या भिंतीवर टोमॅटोच्या वाफ्यातले काका होते, दारभर उंचीचे. माणसं फोटो बघत, मग काकांकडे बघत, मग परत फोटोकडे.

प्रश्न उरला फुलांचा. जिवंत माणसाच्या हातात ती कशी द्यायची? काका म्हणाले, "एकेक काढून घ्या की." प्रत्येकानं आपल्या गुच्छातून एक फूल काढलं, उरलेली काकांना दिली. काढलेल्या फुलांचं काय करायचं कुणालाच कळेना. मग मावशींनी आपलं फूल कोपऱ्यात लावलेल्या बाबांच्या वाकड्या फोटोखाली ठेवलं. मग सगळ्यांनीच ठेवली.

काकांनी वाकून ती मोजली. सत्तेचाळीस. त्यातलं एक उचलून त्यांनी कोटाच्या खिशाला लावलं. "आता ल्युबेनला चालतील," म्हणाले.

मी उगाचच दिव्याच्या वायरी तपासू लागले. मागे स्टूल कुरकुरलं. वेलिस्लाव्हाबाई त्यावर बसून केस सारखे करत होत्या.

"माझा असाच यायला हवा," त्या म्हणाल्या. "आणि घाई नाही हं."

मी कॅमेरा उचलला. "जरा हसा," म्हटलं, आणि पुढचं आपोआप तोंडातून गेलं, "हाच दारावर लागणार आहे."

त्या हसल्या. त्यांच्यामागे रांग लागली होती.

सोमवारी पावणेनऊला मी राजीनामा दिला. धंदा जोरात आहे, फक्त लग्नाचे फोटो काढायला मला अजून कोणी बोलावत नाही. सोळांतले पंधरा कागद मी खरवडून काढले. सोळावा काकांनी काढू दिला नाही, स्वतःच्या फाटकावर लावलाय. पाण्याचं मीटर बघायला येणारा माणूस तो वाचतो, टोपी काढतो आणि मीटर न बघताच, पाय न वाजवता परत जातो. याची तक्रार कुठल्या खिडकीत करायची ते गावाला पाठ आहे. पण तिथे आता मी नसते.