झग्याखालची पिवळी जर्सी

"बाप्तिस्मा दीडला आणि सामना दोनला!" तरुण पाद्री तुम्मासने कपाळावर हात मारला.

शनिवारी असा वारा सुटला होता, की चेंडू सारखा समुद्रात जाऊ लागला आणि सामना रविवारवर गेला. एरवी पहिल्याच फेरीत घरी परतणारा गावचा संघ यंदा प्रथमच फेरो बेटांच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलेला. समोर राजधानी तोर्सहावनचे दांडगट खेळाडू. आणि गावचा गोलकीपर कोण, तर हाच तुम्मास!

त्याने पिवळ्या जर्सीवर काळा झगा चढवला आणि वेदीसमोर उभा राहिला. पाऊल टाकलं, की बुटांचे खिळे फरशीवर खाडखाड वाजत. प्रवचन त्याने चार वाक्यांत उरकलं. पण ऑर्गनवर सान्ना आजी होती. ती एकेक कडवं रबरासारखं ताणू लागली.

"आजी, जरा भराभर!" तुम्मास कुजबुजला.

"देवाला घाई नाही. तुला कसली लागलीय रे?"

इतक्यात मैदानावरून आरोळी उठली.

"गोल झाला वाटतं," बाळाचा बाप पुटपुटला.

"कुणाचा?" तुम्मासने वेदीसमोरूनच विचारलं.

त्याने घाईघाईने पाण्यात हात घातला. हातात गोलकीपरचा जाडजूड हातमोजा! चुळकाभर पाण्याऐवजी बाळावर धबधबा कोसळला. बाळाने टाहो फोडला.

"जा बाबा, जा!" आजी कडाडली. "नाहीतर पोराला बुडवशील!"

"आमेन!" म्हणत तुम्मास धावत सुटला, मागोमाग बाळासकट अख्खं चर्च.

त्याच्या जागी उभा केलेला बेकरीवाला रडकुंडीला आला होता. "दोन गोल खाल्ले रे मी! ये लवकर!"

तुम्मासने झगा भिरकावला आणि गोलमध्ये उडी घेतली. मग मात्र एकही चेंडू आत गेला नाही. शेवटच्या मिनिटाला गावाने बरोबरी साधली आणि पेनल्टीची वेळ आली. वाऱ्यात चेंडू जागेवर ठरेना. एकाने पालथं पडून तो बोटाने धरायचा, दुसऱ्याने मारायचा. तोर्सहावनचा शेवटचा फटका तुम्मासने बोटाच्या टोकाने खांबावर घालवला. गावाने बेट डोक्यावर घेतलं.

"फायनल! येत्या शनिवारी फायनल!" लोकांच्या खांद्यांवर बसलेला तुम्मास घसा फोडून ओरडत होता. "सगळ्यांनी यायचं!"

"मी तर येणारच," खालून मार्जुन, त्याची होणारी बायको, म्हणाली. "शनिवारी दोनला. चर्चमध्ये."

तुम्मासचे हात हवेतच राहिले. तारीख ठरवताना फायनल त्याच्या स्वप्नातही नव्हती.

"अगं मार्जुन, लग्न म्हणजे..."

"लग्न लावायला पलीकडच्या बेटावरचे पाद्री येतायत," मार्जुन शांतपणे म्हणाली. "नवराही तिकडूनच मागवू का?"