ओलीवर नजर

आमच्या इमारतीत कोणी नवे बूट आणले, की त्यात मालकाचा पाय जाण्याआधी राऊतकाकांचा हात जातो. बुटांशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना हवी असते ती खोक्यातली, ओल शोषून घेणारी पांढरी पुडी.

"खोकं टाकलंत?"

"टाकलं."

"आत हात घालून बघितलं होतं?"

"नाही."

"मग माझा संशय आहे, पुडी आतच गेली." एवढं बोलून काका कचऱ्याच्या डब्याकडे निघतात.

'माझा संशय आहे' हे त्यांचं पालुपद. सारी नोकरी जकात नाक्यावर झाली. ट्रकवाला कांदे म्हणाला, की गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा. पुढे जकात गेली, नाका गेला, हात तेवढा राहिला.

बिनलग्नाचा, एकटा राहणारा, तोही जकातीतला माणूस पुड्या कशाला जमवतो, याचा संशय आम्हालाही होताच. "नाक्यावरचं काहीतरी घरात दडवलंय," असं तळमजल्यावरच्या देसाईवहिनींचं मत. मी पुराव्याशिवाय बोलत नाही. म्हणून पुरावा मिळेपर्यंत मी हे फक्त चारपाच जणांनाच सांगितलं.

पुरावा स्वतःच जिना चढून आला. माझं घर काकांच्या बरोबर वर. एके सकाळी ते दारात उभे. "माझ्या भिंतीला ओल येते. तुमचं बाथरूम गळतं, असा माझा संशय आहे." उत्तराची वाट न बघता ते आत शिरले, ओणवे झाले आणि फरशीची एकेक फट रुपयाच्या नाण्याने ठोकू लागले.

"काका, गळत नाही हो."

"ट्रकवालेही असंच म्हणायचे."

हा वाद पुढे सोसायटीच्या तीन सभांमध्ये गाजला. मी प्लंबरची सहीची चिठ्ठी आणली. काकांनी प्लंबरवर संशय घेतला. शेवटी मी म्हणालो, "तुमची भिंत तरी दाखवा."

आत शिरण्याआधी पाय पुसणं झालं, हात पुसणं झालं. मग प्रश्न आला, "अंघोळ कधी केलीत?"

"सकाळी."

"केस वाळलेत?" बोट फिरवून खात्री केल्यावरच त्यांनी भिंतीवरचं जुनं धोतर बाजूला सारलं.

खाली चित्र होतं. जलरंगातला कळंबचा किनारा. समुद्रापेक्षा होडी मोठी, आणि होडीजवळ एक कुत्रं किंवा नांगर. नक्की काय, याबद्दल काकांना संशय नव्हता, मला अजून आहे.

"हातभर लांबून बोला. वाफ लागते," काका म्हणाले.

चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून त्यांनी भिंतीपासून बोटभर अंतर राखलं होतं. हवा खेळती राहावी म्हणून. पुड्या मलमलच्या पिशवीत घालून मागे टांगलेल्या. दर महिन्याला त्या तव्यावर मंद शेकायच्या, की पुन्हा कामाला तयार.

"कोणाचं आहे?"

"नेल्सनचं. माझं नाही, ठेव आहे. परक्याच्या मालाला बुरशी लागली तर जबाबदार कोण?"

नेल्सन शेजारच्या घरातला. आईबाप मुंबईला नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरगं काकांकडे. चित्र त्याने तेव्हाच काढलेलं. कॅनडाला जाताना चौकट सामानात मावेना. "काका, पुढच्या खेपेला नेतो," म्हणाला. पाठोपाठ आईबापही तिकडे गेले. त्याला अकरा वर्षं झाली.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. काका गॅलरीत उभे राहून बोलत, आणि वरच्या गॅलरीत मी झाडांना जरुरीपेक्षा जास्त पाणी घालत असे. "डावा कोपरा सुधारलाय. हो, उजव्यावर लक्ष आहे. तू जेवलास का? बरं, काच अजून पुसायचीय." बाकी काही नाही. चित्राची तब्येत कळली, की फोन बंद.

यंदा नाताळाला नेल्सन आला. बगलेत बबल रॅपचं भेंडोळं. "घर घेतलंय, काका. हॉलमध्ये लावणार." मी तमाशा बघायला खाली गेलोच होतो.

काकांनी चित्र उतरवलं. पाठीवर तळवा ठेवला, आणि तो तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"ओल आहे," ते म्हणाले. "असंच गुंडाळलंस तर वाटेत कुजेल. अजून एक उन्हाळा खाऊ दे. पुढच्या नाताळाला ये."

नेल्सनने हात लावला. मीही लावला. उडदाचा पापड लाजेल इतकं ते कोरडं होतं.

"पण काका, रविवारी तर म्हणालात, एकदम सुकं आहे म्हणून."

काका चष्मा काढून पुसू लागले.

नेल्सन माझ्याकडे वळला. "वरून पाणी येतं का?"

तीन सभा आणि प्लंबरची चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"येतं," मी म्हणालो. "माझं बाथरूम गळतं."

त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. जकात नाक्यावर असतं तसं ते बघणं होतं. मग भेंडोळं दाराच्या कोपऱ्यात उभं केलं. "इथेच ठेवतो. पुढच्या वर्षी लागेल," म्हणाला, आणि जेवायला बसला.

तो गेला त्या संध्याकाळी काका वर आले. सरळ बाथरूममध्ये जाऊन त्यांनी फटींवरून बोट फिरवलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

"आहेच."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"हो."

काका बोटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण तो येईल ना?"